नवसारीचा ताजिक, संजाणचा ताजिक

मी सिल्वासाच्या कोर्टात दिवाणी बाजूची वकिली करते. दिवसभर समोर कागद असतात: सातबारा, खरेदीखत, बक्षीसपत्र, वाटणीपत्र, आणि अधूनमधून पोर्तुगीज अमलातला एखादा अलवारा, म्हणजे सरकारने जमीन दिल्याचा परवाना. दादरा-नगर हवेलीत हे अलवारे १९७१च्या जमीनसुधारणा कायद्याने रद्द झाले, पण त्यांतून निघालेली भांडणं अजून पोटापाण्याला पुरतात. या धंद्यात एक खोड लागते. समोरचा कितीही तावातावाने बोलला तरी आपण विचारतो, कागद कुठे आहे? तारीख काय? कुणी दिलं, कुणाला दिलं, आणि देणाऱ्याला देण्याचा अधिकार होता का?

बाररूममध्ये दर थोड्या दिवसांनी एक वाद पेटतो. कुणाच्या तरी फोनवर काहीतरी येतं आणि मग एक बाजू म्हणते, इस्लाम तलवारीच्या जोरावर पसरला. दुसरी म्हणते, छे, तो सुफी फकिरांनी आणि समतेच्या शिकवणीने पसरला. चहा थंड होतो, दोन्ही बाजूंचे आवाज चढतात, आणि कागद एकाकडेही नसतो. मला दोन्ही पक्षांचा सारखाच कंटाळा आलेला आहे. आपल्या किनाऱ्यापुरते या विषयाचे कागद आहेत, चांगले भक्कम तांब्याचे आहेत, सिल्वासापासून फार लांब सापडलेले नाहीत, आणि ते दोन्ही पक्षांना अडचणीचे आहेत.

पहिला नवसारीचा. कलचुरी संवत ४९०, म्हणजे इसवी सन ७३९च्या सुमाराचा. बदामीच्या चालुक्यांच्या वतीने लाट प्रांत, म्हणजे दक्षिण गुजरात, सांभाळणाऱ्या पुलकेशी अवनिजनाश्रयाचा हा ताम्रपट. त्यात लिहिलंय की ताजिकांच्या सैन्याने सैंधव, कच्छेल्ल, सौराष्ट्र, चावोटक, मौर्य, गुर्जर अशा राजांना तुडवलं आणि ते दक्षिणेत शिरायच्या बेताने नवसारीपर्यंत आलं. तिथे पुलकेशीने त्यांना गाठून हरवलं. सम्राट दुसरा विक्रमादित्य खूश झाला आणि त्याने पुलकेशीला चार पदव्या दिल्या. त्यातली एक म्हणजे ‘अनिवर्तकनिवर्तयितृ’: ज्यांना कुणी परतवू शकलं नाही त्यांना परतवणारा. ताजिक म्हणजे अरब, आणि हे सैन्य खिलाफतीच्या सिंधमधलं. मुहम्मद बिन कासिमने ७१२मध्ये सिंध घेतला, त्यानंतरच्या सुभेदारांनी पूर्वेकडे आणि दक्षिणेकडे स्वाऱ्या काढल्या, त्यातली ही एक. तलवारवाल्यांनी हा कागद जरूर दाखल करावा. अस्सल आहे.

आता दुसरा. तो १९५५मध्ये चिंचणीला सापडला, डहाणू तालुक्यात. तेव्हाचा ठाणे जिल्हा, आताचा पालघर. दिनेशचंद्र सरकारांनी तो वाचून ‘एपिग्राफिया इंडिका’त छापला. शके ८४८, म्हणजे इसवी सन ९२६. राजा राष्ट्रकूट तिसरा इंद्र, राजधानी मान्यखेट. हा दस्त मी दस्तासारखाच वाचते, तर असा निघतो: दान देणारा मधुमती, बापाचं नाव सहियारहार, जात ताजिक. हुद्दा: संयान मंडलाचा, म्हणजे संजाण प्रांताचा अधिकारी. नेमणूक: इंद्राच्या आधीच्या दुसऱ्या कृष्णाने केलेली, इंद्राच्या काळातही चालू. कामगिरी: आसपासच्या बंदरांच्या प्रमुखांना जिंकून तिथे आपले अधिकारी बसवले, ते स्वतःच्या नावाने नाही, धन्याच्या वतीने. मधुमती म्हणजे मुहम्मद आणि सहियारहार म्हणजे शहरियार, हे अभ्यासकांनी केव्हाच ओळखलेलं आहे.

आणि दान कशासाठी? अन्नैया नावाच्या ब्राह्मणाने संजाणला एक मठिका बांधली होती. तिच्या डागडुजीसाठी, तिथल्या दशमी देवीच्या नैवेद्यासाठी आणि पंचगौडीय ब्राह्मणांच्या जेवणासाठी काणाडुक नावाचं गाव आणि देवीहर गावातली थोडी जमीन. दान राजाच्या परवानगीने. अन्नैयाचा मित्र पुव्वैया हा मधुमतीचा मंत्री, तेव्हा काम कुणाच्या ओळखीने झालं हे आमच्यासारख्यांना वेगळं सांगायला नको.

याच ताम्रपटात मधुमतीची आणखी दोन कामं नोंदलेली आहेत. त्याने दोन नद्यांवर फुकट नाव सुरू केली. आणि संजाण गावात अन्नछत्र घातलं. तिथे साळीचा भात, कालवण आणि तूप मोफत मिळे. तूपसुद्धा, हे मला विशेष वाटतं. सरकारी योजनेत तूप लिहून ठेवणारा अधिकारी मी तरी पाहिलेला नाही.

आमच्याकडे कागदातला पहिला प्रश्न असतो की हा माणूस मालक की मुखत्यार. नगर हवेलीवाल्यांना तर हा प्रश्न हेगपर्यंत लढून पाठ झालाय. मराठ्यांनी १७७९च्या तहाने पोर्तुगीजांना जे दिलं ती सत्ता होती की नुसता गावांचा महसूल, हा प्रश्न पोर्तुगालने वाटेच्या हक्कासाठी आंतरराष्ट्रीय न्यायालयात लावलेल्या दाव्यात निघाला. १२ एप्रिल १९६०च्या निकालात न्यायालयाने मराठ्यांच्या देण्यापुरतं महसूल असंच म्हटलं. तीच कसोटी मधुमतीला लावली तर तो मुखत्यार ठरतो. ९२६ साली संजाणवर मुसलमान अधिकारी होता, पण मुसलमानी राज्य नव्हतं. राज्य राष्ट्रकूटांचं.

मग ७३९चा ताजिक शत्रू आणि ९२६चा ताजिक सुभेदार, हे झालं कसं? मधल्या एकशे सत्त्याऐंशी वर्षांत कुणाचं हृदयपरिवर्तन झालं असं मला वाटत नाही. राष्ट्रकूटांचं भांडण उत्तरेतल्या गुर्जर-प्रतिहारांशी होतं, आणि प्रतिहारांचं सिंधच्या अरबांशी. शत्रूचा शत्रू. शिवाय घोडं. राष्ट्रकूटांना फौजेसाठी घोडे हवेत, ते येणार अरबस्तान आणि इराणच्या आखातातून, जहाजाने. बंदरावरची जकात वेगळीच. तेव्हा या घोड्याने कुठे पेंड खाल्ली ते उघड आहे: संजाणच्या धक्क्यावर. अरबांच्या प्रवासवर्णनांत राष्ट्रकूट राजाला ‘बल्हारा’ म्हणतात, वल्लभराज या पदवीवरून, आणि हिंदुस्थानात मुसलमानांना त्याच्याइतकं बरं वागवणारा दुसरा राजा नाही असं पुन्हा पुन्हा लिहितात. गुर्जरांच्या राजाला ते आपला सगळ्यात मोठा वैरी म्हणतात. दोन्ही राजे हिंदूच. धर्मावरून माणसं आपली आणि परकी ठरवायची तर हे वाक्य बसवायचं कुठे?

या बंदरांतली मुसलमानांची वस्ती लहानसहान नव्हती. मसूदी हा अरब लेखक हिजरी ३०४मध्ये, म्हणजे ९१६-१७ला सैमूरला, आपल्या चौलला आला. तिथे दहा हजारांच्या आसपास मुसलमान होते असं तो लिहितो. त्यात सिराफ, ओमान, बसरा, बगदादहून येऊन इथेच लग्न करून राहिलेले, आणि त्यांची इथेच जन्मलेली पोरंबाळं, ज्यांना तो बयासिरा म्हणतो. मुसलमानांचे आपसांतले मामले बघायला एक प्रमुख असे, हुनरमान. त्याला नेमणारा राजा हिंदू. कोकणी मुसलमानांची कित्येक घराणी आपलं मूळ याच काळातल्या दर्यावर्दी लोकांशी जोडतात. इथे धर्म कसा पसरला याचं उत्तर एवढंच की माणसं आली, राहिली, लग्नं केली, वाढली.

फौजेची वाट याच समुद्राने आधी चाचपून पाहिली होती. बलाधुरी या इतिहासकाराने नोंदवलंय की पैगंबरांना जाऊन चारेक वर्षं होतात तोच, ६३६च्या सुमाराला, बहरीन-ओमानच्या सुभेदाराने ठाण्यावर जहाजं पाठवली. खलिफा उमर यांना कळलं तेव्हा ते भडकले आणि त्यांनी सुभेदाराला खरमरीत पत्र लिहिलं: यात माझी माणसं मेली असती तर तेवढीच तुझ्या टोळीतून वसूल केली असती. यात त्यांना ठाण्याविषयी माया होती असं नाही. खोल समुद्रावर फौज पाठवणं त्यांना परवडणारं नव्हतं.

बलाधुरीच्याच ग्रंथात सिंदानची हकीकत आहे. खलिफा मामूनच्या काळात, म्हणजे ८१३ ते ८३३च्या दरम्यान, फजल इब्न माहान नावाच्या एका मुक्त झालेल्या गुलामाने सिंदान जिंकलं, खलिफाला हत्ती धाडला, जामा मशीद बांधली. पुढे भावाभावांत भांडण लागलं आणि स्थानिक हिंदूंनी गाव परत घेतलं. मशीद मात्र ठेवली. मुसलमान शुक्रवारी तिथे नमाज पढत आणि बगदादच्या खलिफासाठी दुआ मागत. प्रतिपक्षाचा मुद्दा इथेच नोंदवते: हे सिंदान म्हणजे आपलं संजाण की कच्छमधलं, यावर अभ्यासकांत वाद आहे. मी संजाणच्या बाजूने, पण निकाल लागलेला नाही.

संजाण आमच्यापासून तासाभरावर. दाव्याच्या निमित्ताने जाणं झालं की परतताना बंदराकडे वळते. आता तिथे बंदर म्हणावं असं काही नाही. वरोळी नदी, खाडीचा चिखल, तिवरं, आणि काठाला उंचवटा. भरती ओसरली की तुटलेल्या काठात विटांचे थर दिसतात, आणि चिखलात निळसर-हिरव्या झिलईचे खापरांचे तुकडे. मागे एकदा बरोबर आलेली माझी ज्युनियर खाली वाकली, म्हणाली, “मॅडम, हा फ्लॅटमधल्या बाथरूमच्या टाइलचा तुकडा वाटतोय.” चूक नव्हती तिची, झिलई खरंच तशी. पण अशी भांडी आखातातून येत. २००२ ते २००४मध्ये इथे उत्खनन झालं तेव्हा पश्चिम आशियातली खापरं सापडली, चिनी भांडी सापडली, काच सापडली, आणि पारशांची दख्माही, म्हणजे मृतदेह ठेवायची जागा, सापडली.

पारशांशिवाय संजाणची गोष्ट पुरी होत नाही. इराणच्या ससानी साम्राज्याची कंबर ६४२च्या नेहावंदच्या लढाईत मोडली, शेवटचा बादशहा यझ्दगर्द ६५१मध्ये मारला गेला. म्हणजे साम्राज्य दहा वर्षांत संपलं. पण इराणमधली बहुसंख्य प्रजा मुसलमान व्हायला त्यानंतर दोन-तीनशे वर्षं गेली. जे होणार नव्हते त्यातले काही जहाजात बसून इकडे आले. नक्की कधी, यावर एकमत नाही. ७१६पासून ९३६पर्यंत सनावळ्या दिल्या जातात. आता मधुमतीच्या बापाचं नाव आठवा. शहरियार. इराणी नाव. इस्लाम नको म्हणून इराण सोडलेले लोक आणि इराणी नावाच्या बापाचा मुसलमान मुलगा, दोघंही एका काठावर, एका हिंदू राजाच्या अमलात. आणि हा मुलगा देवीच्या नैवेद्याला गाव देतोय. कुठल्याही एका झेंड्याखाली ही माणसं उभी करता येत नाहीत.

१०२६ साली गझनीच्या महमुदाने सोमनाथ फोडलं. शाळेच्या पुस्तकात हे असतं, असायलाच हवं. पण त्यानंतर आठ वर्षांनी, शके ९५६चा एक ताम्रपट याच चिंचणीच्या संचात आहे. शिलाहार राजांच्या वतीने संजाण सांभाळणारा चामुंडराज मठिकेच्या दिव्याला तेल मिळावं म्हणून एक घाणा लावून देतो. गावातल्या ज्या प्रतिष्ठितांना तो हे जाहीर करतो त्यांत अल्लिय, महर आणि मधुमत ही नावं आहेत. सोमनाथची बातमी संजाणला पोचली नसेल असं कुणी म्हणू नये; याच समुद्रावरची दोन्ही गावं. बातमी पोचली, आणि संजाणकरांनी सोमनाथचा हिशेब आपल्या गावच्या अल्लियाच्या नावावर मांडला नाही. एकाच्या डिक्रीची बजावणी दुसऱ्याच्या घरावर करता येत नाही, हे त्यांना आमच्या बाररूमपेक्षा बरं कळत होतं.

पुढे मात्र काळ बदलला, आणि तो गोड करून सांगायचा माझा इरादा नाही. दिल्लीच्या खलजींनी देवगिरी लुटली १२९६मध्ये, गुजरात घेतलं १२९९मध्ये, आणि थोड्याच वर्षांत ठाणे-माहीमला दिल्लीचे अधिकारी बसले. १३२१मध्ये ठाण्याच्या अशाच कारभारात चार फ्रान्सिस्कन साधू धर्मावरून झालेल्या वादातून मारले गेले. संजाणचंही तसंच. ‘किस्सा-ए-संजाण’ १५९९ला लिहिला गेला, म्हणजे घटनेनंतर पुष्कळ उशिरा, तरी त्यातली गोष्ट पारशी लोक विसरलेले नाहीत: सुलतान महमुदाची (गझनीच्या नव्हे) फौज आली, पारशी हिंदू राजाच्या बाजूने लढले, हरले, आणि आपला पवित्र अग्नी घेऊन बहारोटच्या डोंगरात बारा वर्षं लपून राहिले. तोच अग्नी फिरत फिरत १७४२मध्ये उदवाड्याला आला. व्यापाऱ्यांचा इस्लाम आणि सुलतानांचं राज्य या दोन वेगळ्या गोष्टी होत्या, आणि दुसरी गोष्ट या किनाऱ्यावर पहिलीनंतर चार-पाचशे वर्षांनी आली.

दोन्ही गोष्टी एकमेकींत मिसळल्या नाहीत असं नाही. पाथरीच्या कुळकर्ण्यांचा एक मुलगा बहमनी फौजेच्या हाती लागला, मुसलमान झाला, मलिक हसन म्हणून वाढला, वजीर झाला. त्याच्या मुलाने १४९०मध्ये अहमदनगरची निजामशाही उभी केली. हा धर्मबदल तलवारीचाच. पण मग निजामशाही परक्यांची म्हणायची की पाथरीकरांची? आणि इकडे आमच्या शेजारचं जव्हार बघा. तिथल्या मुकणे या कोळी घराण्यातल्या नेमशहाला दिल्लीच्या मुहम्मद तुघलकाने १३४३मध्ये राजा म्हणून मान्यता दिली. तुघलकाला जंगलातल्या वाटा आणि खंडणी हवी होती. मुकणे घराण्याचे देव कुठले, याची चौकशी त्याने केलेली दिसत नाही. त्यांचं राज्य १९४८पर्यंत टिकलं, कोळी राज्य म्हणूनच.

राज्य आलं की धर्म आला, हे सूत्र तपासायला तर दादरा-नगर हवेलीइतकी चांगली जागा नाही. नगर हवेली १७८३ला आणि दादरा १७८५ला पोर्तुगीजांकडे गेलं, १९५४पर्यंत राहिलं. जवळजवळ १७० वर्षं. आणि राज्यकर्ते कोण, तर ज्यांनी गोव्यात इन्क्विझिशन चालवलं ते. इतकं असून २०११च्या जनगणनेत इथले ख्रिस्ती दीड टक्क्याच्या आसपास, त्यातही कारखान्यांमागे आलेले किती. मुसलमान चार टक्क्यांहून कमी, तेही बरेचसे नोकरीधंद्याला आलेले. लोकसंख्येतले निम्म्याहून जास्त आदिवासी. माझी ज्युनियर खानवेलकडची, वारली. ती म्हणाली, “मॅडम, आमच्याकडे अजून लग्नात सवाशिणी भिंतीवर चौक लिहितात, पालघट देवी बसवतात. पोर्तुगीज आले नि गेले, पालघटला कोण विचारतंय?” बाररूममधल्या सगळ्या भाषणांपेक्षा हा पुरावा मला जड वाटतो. मोठ्या पटावरही तेच दिसतं. दिल्ली-आग्र्याच्या आसपास सुलतान आणि बादशहा सहाशे वर्षं बसले, तिथे मुसलमान अल्पसंख्यच राहिले. बहुसंख्य झाले ते पूर्व बंगालच्या दलदलीत, जिथे जंगल तोडून नवी शेती होत होती. आणि सुमात्रा-जावामध्ये तर अरबांची वा तुर्कांची फौज जिंकायला कधी उतरलीच नाही.

बाररूममध्ये हे सांगितलं तेव्हा एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, “वकीलबेन, तुम्ही एका ताम्रपटाच्या सुतावरून स्वर्ग गाठताय. मधुमतीसारखे असून असून किती असतील?” आक्षेप योग्य आहे. मधुमती दुर्मीळच होता. मुसलमान अधिकाऱ्याने मठाला दिलेला असा दुसरा राष्ट्रकूट दस्त मलाही दाखवता येणार नाही. पण मी त्याला सगळ्या मुसलमानांचा प्रतिनिधी म्हणून उभा करतच नाही. नवसारीच्या ताजिकालाही कुणी तसा करू नये, एवढंच माझं म्हणणं. सर्व्हे नंबर वेगळा, तारीख वेगळी, पक्षकार वेगळे, तर दावा एक कसा?

आमच्या मराठी शाळांतल्या पोरांना २ ऑगस्ट १९५४ तोंडपाठ असतो. पाठ असावाच, सिल्वासा त्या दिवशी सुटलं. पण त्याआधीचा आपल्या भागाचा इतिहास त्यांना जवळजवळ कोरा असतो आणि इस्लाम भेटतो तो एकदम गझनी, घोरी, खलजी या क्रमाने, दूरच्या दिल्लीत. शाळेपासून तासाभरावर नवव्या-दहाव्या शतकातलं आंतरराष्ट्रीय बंदर आहे याचा पत्ताच नसतो. दोन गोष्टी सहज करता येतील. सिल्वासाच्या आदिवासी संग्रहालयात किंवा दुसऱ्या एखाद्या सरकारी इमारतीत नवसारी आणि चिंचणी या दोन ताम्रपटांच्या प्रतिकृती शेजारी शेजारी लावाव्यात, खाली साध्या मराठीत आणि गुजरातीत मजकूर. एकच लावू नये, दोन्ही लावाव्यात. आणि सातवी-आठवीच्या सहलीत संजाण घालावं. तिथला पारशांचा स्तंभ मुलं बघतील, तसा मग नदीकाठचा उंचवटाही बघतील.

नवसारीच्या पाटीवर एका बाजूचे लोक हरकत घेतील, चिंचणीच्या पाटीवर दुसऱ्या बाजूचे. ती दोन्ही निवेदनं एकाच फायलीत लावावीत आणि पाट्या बसवण्याचं काम चालू ठेवावं.